पाचगणीवरून आणलेली जुनी ११० सीसी एटीव्ही चोक काढला की बंद पडते, कार्बोरेटर बदलू का?

द्राक्षवाला_तासगाव
राम राम मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. पावसाळ्यात पाचगणीच्या एका ओळखीच्या माणसाकडनं जुनी चायनीज एटीव्ही (चार जाड चाकांची मोकळी गाडी) घेतली, ११० सीसी, ऑटोमॅटिक, पुढं-न्यूट्रल-रिव्हर्स एवढाच खेळ. तिकडं पर्यटकांना चक्कर मारायला ठेवलेली होती, सीझन संपल्यावर ताडपत्रीखाली तीन-चार महिने पडून. मला हौस म्हणून नको होती, कामाला पाहिजे होती. बागेत ओळींत नऊ फुटाचं अंतर, ट्रॅक्टर घातला की वळणावर तारेला घासतोय, म्हणून म्हटलं हिच्या मागं छोटी ट्रॉली लावू, छाटणीची काडी, खताची पोती, सीझनला क्रेट ओढू. घरच्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, खेळणं आणलंय. आता ते खरं व्हायची वेळ आलीय.

तर दुखणं असं. चोक लावून सेल्फ मारला की एका दमात चालू. चोक सोडला की ढुप्प. अर्धा चोक ठेवला तर चालते पण रेस दिली की आधी बसते आणि मग एकदम उचलते, परवा त्या झटक्यानं ट्रॉलीची पिनच निघाली. अर्ध्या रेसच्या वर तर काही होतच नाही, अंगठा दुखेपर्यंत दाबला तरी तेवढीच. रेस सोडली की सायलेंसरमध्ये फटाके, आणि आवाज लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद वरच लटकून राहतो. वीस मिनिटं ट्रॉली ओढली तर इंजिन इतकं तापलं की पाय जवळ नेववेना. प्लग काढला तर पांढराफटक.

गावातल्या मिस्त्रीनं दोनदा कार्बोरेटर खोलला, पेट्रोलनं धुतला, सगळे स्क्रू फिरवले, दोन दिवस बरी चालली की परत तेच. आता म्हणतोय कार्बोरेटर गेलाय, नवा आणा. तिकडं चालवून बघितली तेव्हा बरी वाटली हो मला. नवा आणू का याच्यातच काही करता येतंय?

स्पॅनर_सातारा
डोक्याला ताप करून घेऊ नको भावा. ह्या गाड्यांना पीझेड १९ किंवा २० नंबरचा कार्बोरेटर लागतो, ऑनलाइन हजाराच्या आत-बाहेर मिळतो, दोन बोल्ट काढ, लाव, विषय संपला. जुना धूत बसण्यात दिवस घालवशील. फक्त घेताना मधलं अंतर मोज, म्हणजे दोन बोल्टांच्या भोकातलं, आणि चोक केबलचा आहे का खटक्याचा ते बघून घे, मी एकदा न बघता मागवला होता, तो अजून डब्यात पडलाय.

आप्पा_मिरज
नवा कार्बोरेटर आणायला माझा विरोध नाही, पण बाळा, तू जे लिहिलंयस त्यातलं निम्मं दुखणं नव्या कार्बोरेटरनं जाणारच नाही, मग तो पण खराब निघाला म्हणून तिसरा आणशील. तीस वर्षं हेच करतोय, आधी लुना-एम ८० होत्या, आता काय वाट्टेल ते येतं. कार्बोरेटरवर आळ सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात जास्त वेळा तो निर्दोष असतो.

रेस लटकते म्हणजे कुठनं तरी चोरून हवा जातेय, हे आधी डोक्यात बसव. कार्बोरेटरनं हवा मोजून पेट्रोल दिलं, आणि त्याच्या पुढं इंजिनच्या तोंडाशी फटीतनं बिनमोजलेली हवा आत शिरली, की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. त्यात चोक लावलास की पेट्रोल वाढतं म्हणून चालते, चोक काढलास की बंद. स्क्रू कितीही फिरव, फट आहे तोवर आज एका जागी बसेल उद्या दुसऱ्या. तुझा मिस्त्री धुतो, दोन दिवस चालते, परत तेच, याचा अर्थ मला तरी हाच लागतोय.

आता क्रम सांगतो तसाच कर, पुढचं आधी करू नको. टाकीचं झाकण सैल करून चालव. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असलं तर पेट्रोल उतरत नाही, झाकण उघडताना फुस्स झालं की समजायचं. मग कार्बोरेटरच्या तोंडाची नळी काढून बाटलीत सोड, पेट्रोलचा कॉक उघडल्यावर सलग धार आली पाहिजे, थेंब थेंब नाही. चुलीपासनं लांब, आणि बिडी खिशात.

मग फट शोधायची. लोकं स्प्रे मारतात, डब्ल्यूडी वगैरे, पण तो पेटतो आणि खाली सायलेंसर असतो. तुझ्याकडं औषधाचा हातपंप असेलच, धुतलेला घे, साधं पाणी भर, गाडी चोकवर चालू ठेव आणि कार्बोरेटर जिथं मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनकडं जाणाऱ्या नळीला, बसतो, मॅनिफोल्ड जिथं हेडला बसतो, मधे काळा बेकलाइटचा ठोकळा असतो त्याच्या दोन्ही बाजू, तिथं बारीक फवारा मार. जिथं मारल्यावर आवाज बदलला तिथं फट. पाणी क्षणभर भोक बुजवतं एवढंच. ओ-रिंग पंधरा-वीस रुपयाची असते, पण ती चपटी झाली की अख्ख्या गाडीला नाचवते. आणि बोल्ट जास्त आवळून कार्बोरेटरचं तोंड वाकलेलं असतं कधीकधी, काचेवर ठेवून बघ डुलतंय का, डुललं तर काचेवर पॉलिश पेपर ठेवून, चारशे नंबरचा, आठाचा आकडा काढत घास.

हे सगळं झाल्यावर कार्बोरेटर खोल. पेट्रोलनं धुणं म्हणजे वरची धूळ घालवणं. स्लो जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल देणारा भोकाचा पितळी तुकडा, त्याचं भोक अर्ध्या मिलीमीटरपेक्षा बारीक असतं, त्यात चार महिने पडलेल्या पेट्रोलचा चिकटा सुकून बसला की पेट्रोलनं तो निघत नाही. कार्ब क्लीनरचा डबा आण, रबरं-ओ-रिंगा सगळ्या आधी काढून ठेव नाहीतर फुगतात, आणि प्रत्येक भोकात नळी लावून मार, एका भोकात मारलं की दुसऱ्यातनं बाहेर आलं पाहिजे, नाही आलं तर रस्ता बंद आहे. मग पंक्चरवाल्याकडं जाऊन कॉम्प्रेसरची हवा. जेट उजेडाकडं धरून बघ, गोल उजेड दिसला पाहिजे, चंद्रकोर नाही. सुई, पिन, ड्रिल काही घालायचं नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की जेट गेला कामातनं. वायरीतली तांब्याची एक बारीक तार चालते. काही स्वस्त कार्बोरेटरात स्लो जेट दाबून बसवलेला असतो, आट्याचा नसतो, तो पकडीनं उपटायला जाऊ नको.

आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्वच्या टोकाशी ठेवायची बारीक फट, बघ. ह्या आडव्या इंजिनाला थंड असताना ०.०५ मिमी लागतं दोन्हीकडं. टॅपेट टाइट झालं की व्हॉल्व नीट बसत नाही, सकाळी चालू होत नाही, आणि शिव्या कार्बोरेटरला.

द्राक्षवाला_तासगाव
आप्पा, पाया पडतो तुमच्या. झाकण ठीक, धार ठीक होती. पाणी मारलं तर ठोकळ्याच्या खालच्या बाजूला मारल्या मारल्या आवाज खाली बसला, पोरगं पण ओरडलं की पप्पा बदलला. खोलून बघितलं तर ओ-रिंग चपटी होऊन एका ठिकाणी चक्क तुटलेली, आणि ते झाकायला कुणीतरी बोटभर काळं सिलिकॉन फासलेलं, त्याचे तुकडे आत मॅनिफोल्डमध्ये लोंबत होते. मिस्त्रीला फोटो पाठवला, अजून उत्तर नाही.

कार्बोरेटरच्या वाटीत तळाला पांढरट पावडर, मिठासारखी, आणि स्लो जेट पूर्ण बंद. आट्याचाच निघाला नशिबानं. तुम्ही म्हणला तसं क्लीनर, तार, हवा सगळं केलं, नवीन ओ-रिंगा घातल्या, तोंड घासून सपाट केलं. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आत घालून दीड फेरा बाहेर काढला.

आता चोकशिवाय चालू राहते, रेस लटकत नाही, फटाके जवळजवळ गेले. पण अर्ध्याच्या वर अजूनही मेलेली. ट्रॉली लावली की तापते आणि प्लग अजून पांढराच आहे, आधीएवढा नाही पण पांढराच. मेन जेटवर, म्हणजे पूर्ण रेसला पेट्रोल देणाऱ्या जेटवर, ८० लिहिलंय. नीडलची, म्हणजे रेसबरोबर वर-खाली होणाऱ्या सुईची, क्लिप वरून दुसऱ्या खाचेत आहे. एअर फिल्टरची पेटी नाहीच, डायरेक्ट फोमचा शंकू लावलाय.

घाटावरचा
मी वाईचा, तीन-चार वर्षं पाचगणीच्या बाजूला अशाच गाड्या भाड्यानं चालवणाऱ्याकडं कामाला होतो, म्हणून सांगतो. तुझी गाडी बिघडलेली नाही, तिला तिकडच्यासाठी लावलंय.

पहिलं सोपं. अंगठ्याच्या रेसच्या डबीवर, केबलच्या बाजूला, एक छोटा स्क्रू बाहेर आलेला असेल, त्यावर लॉकनट. तो लिमिटर. लहान पोरं चालवतात म्हणून दिलेला असतो आणि भाड्यानं चालवणारा प्रत्येक माणूस तो आत पिळून ठेवतो, गिऱ्हाईक कठड्यावर जायला नको म्हणून. तू अंगठा मोडेपर्यंत दाबलास तरी आत स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडणारा पडदा, अर्धीच उघडतेय. फिल्टर काढून आत बघ आणि रेस दाब, स्लाइड पूर्ण वर जाते का. जात नसली तर नट सैल करून स्क्रू बाहेर घे. मिस्त्रीला हे दोनदा खोलून दिसलं नाही म्हणजे नवल आहे. पण पोरगं चालवणार असेल तर आपलं काम झाल्यावर परत पिळून ठेव, ही गाडी उलटली की अंगावर येते.

दुसरं. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास, तुमचं सांगली-तासगाव साडेपाचशेच्या आसपास. वर हवा विरळ, त्यामुळं खालचा जेट वर गेला की पेट्रोल जास्त होतं, गाडी भकभक करते, प्लग काळे. आमचा मालक म्हणून सगळ्या गाड्यांना वर लहान जेट टाकायचा, पेट्रोल पण वाचायचं. तिच्या कार्बोरेटरवर मुळात मोठा जेट असणार, माझ्या हाताखालनं गेलेल्या बहुतेकांवर ८२ ते ८५ होता. आता तीच गाडी तू घाट उतरवून खाली दाट हवेत आणली, वर फिल्टरची पेटी काढून उघडा फोम लावलाय म्हणजे हवा अजून मोकळी, आणि मागं ट्रॉली. पातळ मिश्रणावर ओझं ओढलं की तापणारच. ८२, ८५, ८८ असे तीन जेट आण, एकाच बनावटीचे आण, कारण वेगवेगळ्या बनावटीचे आकडे जुळत नाहीत.

कराडकर_७७
घाटावरच्यांची पहिली गोष्ट पटली, दुसरी पचली नाही. सातशे-साडेसातशे मीटरनं काय होतंय? आम्ही वर्षानुवर्षं कार्बोरेटरवाली स्प्लेंडर घेऊन महाबळेश्वरला जातोय, कुणी पसरणी घाटात गाडी थांबवून जेट बदलताना बघितलाय का? उगा बिचाऱ्याला तीन जेट घ्यायला लावताय. क्लिप एक खाच खाली सरकव, नीडल वर येईल, काम होईल.

घाटावरचा
दादा तुमची स्प्लेंडर खालच्या हवेसाठी लावलेली, ती वर नेली की थोडं पेट्रोल जास्त होतं. जास्त पेट्रोलनं गाडी मरगळते, मरत नाही, शिवाय तुम्ही दोन दिवसांत खाली येता. ह्याचं उलट आहे. वरच्यासाठी पेट्रोल कमी केलेली गाडी खाली आणून कायमची ठेवलीय. कमी पेट्रोलनं पिस्टन धरतो.

किती फरक ते सांगतो. तेवढं खाली उतरल्यावर हवा सात-आठ टक्के दाट होते. कार्बोरेटरच्या मिश्रणात फरक त्याच्या साधारण निम्मा पडतो, वर्गमुळाचं गणित आहे, म्हणजे चार टक्के धरा. एकटा असता तर मी पण म्हटलं असतं सोडून दे. पण एकटा नाही ना तो. उघडा फोम आहे, आणि आजकालचं पेट्रोल आहे.

क्लिपचं म्हणाल तर नीडलचं राज्य पाव ते पाऊण रेस. त्याच्या खाली स्लो जेट आणि स्क्रू, पाऊणच्या वर मेन जेट. मधे एकमेकांत मिसळतात पण ढोबळ असंच. क्लिप खाली घेतली की मधलं सुधारेल, ट्रॉली घेऊन चढाला पूर्ण रेस दिली की परत ८० च्याच भोकातनं पेट्रोल येणार.

आप्पा_मिरज
पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर. जून २०२२ च्या सुमारास आपण दहा टक्के इथेनॉलवर आलो आणि २०२५ मध्ये वीस टक्के. एक किलो शुद्ध पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलोच. म्हणजे इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त पाहिजे, वीस टक्क्याच्या मिश्रणाला साधारण साडेतेरा हवा पुरते. नव्या गाडीत सेन्सर आहे, इंजेक्टर आहे, ती आपापली वाढवून घेते. जुन्या कार्बोरेटरला काय कळतंय, भोक तेवढंच, धार तेवढीच. शुद्ध पेट्रोलवर लावलेला कार्बोरेटर आज आठ टक्क्याच्या आसपास पातळ चालतो. त्यात ह्याची घाटाची चार टक्के घाला.

आणि ती वाटीतली पांढरी पावडर, ती पण त्याचीच. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, पाचगणीचा पाऊस, गाडी चार महिने उभी, वाटीत पेट्रोल तसंच. जस्त-अ‍ॅल्युमिनियम खाल्लं गेलं की पांढरं सुटतं. मी गिऱ्हाइकाला एकच सांगतो, पंधरा दिवसांच्या वर गाडी उभी राहणार असली तर कॉक बंद कर आणि वाटीच्या तळाचा स्क्रू सोडून पेट्रोल रिकामं कर. दोन मिनिटांचं काम, कुणी करत नाही.

कराडकर_७७
आता सगळं खापर इथेनॉलवर. आप्पा, मी ऊसवाला माणूस आहे, इथेनॉलमुळं कारखान्याचे पैसे वेळेत निघायला लागले, त्याला नावं ठेवू नका. आपल्याच शिवारातला ऊस, आपल्याच कारखान्याची मळी, फिरून आपल्याच टाकीत.

आप्पा_मिरज
नावं कुठं ठेवली दादा, ऊस माझ्या भावाचा पण आहे. जेट बदला एवढंच म्हणतोय. सून घरात आली की चुलीचं माप वाढवावं लागतं, त्यात सुनेचा काय दोष.

स्पॅनर_सातारा
हा हा आप्पा. बरं मी माघार घेतो नव्या कार्बोरेटरवरनं. पण द्राक्षवाले, तो फोम बघितलाय का काढून? बागेत गंधकाची धुरळणी करता तुम्ही, ती पावडर फोममध्ये बसली की आज मोकळा असलेला फिल्टर पंधरा दिवसात बुजणार आणि मग पातळचं जाड होणार, तू परत जेट शोधत बसणार. डिझेलमध्ये पिळ, मग साबणाच्या पाण्यात, वाळव, आणि इंजिन ऑइलचे थोडे थेंब चोळून पिळून काढ, कोरडा फोम बारीक धूळ अडवतच नाही. जमलं तर पेटीच बसव परत.

द्राक्षवाला_तासगाव
सगळ्यांचं ऐकून सगळंच केलं, आता सविस्तर लिहितो म्हणजे पुढं कुणाच्या कामाला येईल.

लिमिटर. होता. पार आत पिळलेला. तो बाहेर काढल्यावर पहिल्यांदा कळलं की ह्या गाडीला एवढी रेस आहे, आणि लगेच दुसरं कळलं की पूर्ण रेसला ती अजून वाईट चालतेय, म्हणजे पाऊणच्या वर गेलं की हुं हुं हुं करून दम सोडते. मधे गंमत अशी झाली की चोक जरासा लावला तर तिथंच ती सुधारायची. म्हणजे पेट्रोलच कमी, घाटावरचे बरोबर.

जेट सांगलीत एका जुन्या स्पेअर पार्टवाल्याकडं मिळाले, तीन मिळून दोनशेच्या आत. आधी ८२ टाकला, फरक पडला पण चढाला अजून कोरडी वाटत होती. मग ८५. बागेच्या बाहेरच्या माळावर सरळ दोनशे मीटर पूर्ण रेस दिली, तिथंच किल स्विच दाबून थांबवली आणि प्लग काढला, हे घाटावरच्यांनी फोनवर सांगितलं होतं की आयडलला, म्हणजे रेस सोडून नुसत्या चालू इंजिनवर, आणून बंद केली तर प्लग आयडलचा रंग दाखवतो, पूर्ण रेसचा नाही. फिक्कट तपकिरी, चहात दूध जरा जास्त झालं तसा. मोह झाला म्हणून ८८ पण टाकून बघितला. काळा धूर, ढब ढब ढब, प्लग काजळी. परत ८५.

मग क्लिप मधल्या खाचेत घेतली, कराडकरांचा मान ठेवून, आणि खरंच मधला तो बसून मग उचलायचा झटका गेला. म्हणजे दोघंही बरोबर होता, उगा भांडलात.

स्क्रूचं मात्र माझा गोंधळ झाला. आत घातला की पेट्रोल वाढतं का कमी होतं? दोन व्हिडिओ बघितले, दोन्हीत उलट सांगितलंय.

घाटावरचा
दोन्ही बरोबर असतील, कार्बोरेटर वेगळे असतील. स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते बघ. फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घातला की हवा कमी, मिश्रण जाड. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत घातला की पेट्रोल कमी, मिश्रण पातळ. मोठा स्प्रिंगवाला जो स्लाइडला टेकतो तो फक्त आयडलचा, त्यात मिश्रणाचं काही नाही.

लावायचं असं. इंजिन चांगलं गरम झालेलं पाहिजे, थंड इंजिनवर लावलेलं सगळं वाया. आयडल थोडा वर घे. मिश्रणाचा स्क्रू पाव पाव फेरा आत घालत जा, आवाज लडखडला की तिथं थांब, मग बाहेर काढत जा, आधी वाढेल, मग परत लडखडेल. दोन्हीच्या मधे जिथं सगळ्यात वर आणि एकसारखा चालतो तिथं सोड. मग आयडल खाली आण. आयडल फार वर ठेवलास तर ह्या गाड्यांना हाताचा क्लच नाही, गिअर टाकल्या टाकल्या सरपटायला लागते, आमच्याकडं एक गिऱ्हाईक असंच स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात गेलं होतं. ब्रेक सोडल्यावर जागेवर उभी राहिली पाहिजे.

आणि दादा ८० वरनं ८५ म्हणजे पाच आकडे वाटतात, पण आकडा ढोबळमानानं भोकाचा व्यास आहे, पेट्रोल जातं क्षेत्रफळावर. ८५ ला ८० नं भागून वर्ग करा, तेरा टक्के पेट्रोल वाढलं. आप्पांचे आठ, माझे चार, थोडं फोमचं. जुळलं का नाही बघा.

कराडकर_७७
जुळलं बाबा जुळलं. आता पासिंगचं कसं करणार? रस्त्यानं न्यायची म्हणाल तर ह्या चायनीज एटीव्हीचं आरटीओत पासिंग होत नाही.

द्राक्षवाला_तासगाव
रस्त्यावर काढतच नाही, घर आणि बाग एकाच गटात आहे. काल दिवसभर खताची पोती ओढली, चार-चार एका खेपेला, हात लावला तर गरम होतं पण भाजत नव्हतं. आमच्या तीर्थरूपांनी सकाळी स्वतः किल्ली मागितली आणि दोन ओळी फिरून आले, खेळणं शब्द काही निघाला नाही तोंडातनं. म्हणाले, आवाज लय करतंय.

एकच राहिलं. बांधावर उतारात तोंड खाली करून उभी केली की तासाभरात कार्बोरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतनं थेंब थेंब गळतंय. सपाटीला नाही गळत.

आप्पा_मिरज
उतारात वाटीतला फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा गोळा) तिरका होतो, त्यानं बंद होणारा नीडल व्हॉल्व पूर्ण बसत नाही. कॉक बंद करत जा, हे सांगावं लागतंय का. सपाटीला पण गळायला लागलं तर व्हॉल्वच्या सीटमध्ये कचरा आहे समज, सिलिकॉनचा राहिलेला तुकडा असेल. आणि आजच ऑइलची काडी काढून वास घे, पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वाढलेली दिसली तर चालू करू नको, आधी ऑइल बदल, ह्या इंजिनात आठशे-नऊशे मिली तर बसतं.

टॅपेटचं काय केलंस ते लिहिलंच नाहीस.

द्राक्षवाला_तासगाव
ऑइलला वास नाही, पातळी पण बरोबर आहे. टॅपेट... नाही केलं आप्पा. ०.०५ चा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) गावात कुणाकडं नाही, मिस्त्री म्हणतोय पोस्टकार्ड घालून बघतो.

आप्पा_मिरज
पोस्टकार्ड त्याच्या चौपट जाड असतं. माझ्याकडं दोन सेट आहेत, मिरजेला आलास की एक घेऊन जा. पण परत आणून दे, मागच्यानं नेलेला तिसरा अजून आला नाही.